वेडा शंख

चढाईच्या हॉलमधली जुनी भिंत उतरवणार असल्याचं कळलं, तेव्हा आपला एक तरी शंख मागून आणावा म्हणून ती गेली... आणि शिडीवर नेमका तोच. केस थोडे पिकले होते, पण ओठांत स्क्रू धरायची खोड तशीच.

"मातीवाली?" त्याने स्क्रू काढला.

"वायरमन."

"घरी कोण कोण?"

"मी आणि माती. तुझ्या?"

"मी आणि वायरी."

ती हसली.

ही भिंत दोघांनी मिळून केली होती, लहान मुलांसाठी, समुद्राच्या तळासारखी. शंख, शिंपले, खेकडे. धरून चढायच्या त्या पकडी ती घडवायची, आत सेन्सर तो बसवायचा. हात लागला की पकड उजळायची. सगळ्यांच्या हाताने उजळायची, फक्त तिच्या नाही. दिवसभर माती-प्लास्टरमध्ये राबून तिचे हात इतके कोरडे, की सेन्सरला त्यांचा पत्ताच लागत नसे.

"भिंत तुला ओळखत नाही बुवा," तो चिडवायचा.

"नाचता येईना अंगण वाकडं. सेन्सर तुझा बहिरा, आणि दोष माझ्या हातांना."

"बघू तर हात..." म्हणत तो तिचा तळवा धरायचा, भेगा बघायचा, जरा जास्तच वेळ बघायचा. बाहेर पत्र्यावर सरी वाजायच्या आणि घरी जायची घाई दोघांनाही नसायची.

काम संपलं. त्याला दुसऱ्या गावी बोलावणं आलं. निरोपाच्या दिवशी ती एका शब्दाची वाट बघत राहिली आणि तो हत्यारांची पेटी आवरत राहिला. एरवी तोंडाला खीळ नसलेला माणूस, नेमका तेव्हाच मुका झाला. त्याच्या मनात काही नव्हतंच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती काही पुरती पटली नाही.

"कुठला शंख हवा?" त्याने विचारलं.

"तो उजवीकडचा. माझा पहिला."

"तो वेडा आहे," झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या. "हात लागायच्या आधीच पेटतो. यांना किती फोन केले, तर म्हणायचे, असू द्या, तेवढा एक बदलू नका."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो शिडीची पायरी न्याहाळत होता.

"बिघडलेला का ठेवलास?"

"बिघडलेला नाही... मीच तसा केलाय, शेवटच्या दिवशी. तुझाही हात त्याला कळावा, इतका हळवा. म्हटलं, तू हात लावशील, तो उजळेल, मग मी बोलेन. पण तू लावलाच नाहीस."

"मला वाटलं, भिंत मला ओळखत नाही."

खालच्या खेकड्यावर पाय देऊन ती चढली. हात जरा जवळ नेला मात्र, शंख उजळला.

"बोल आता," ती म्हणाली.

"तुझ्याशिवाय करमलं नाही गं... कुठेच."

मावशींनी झाडू उचलला आणि हॉलचं दुसरं टोक, मघाशीच झाडलेलं, पुन्हा झाडायला घेतलं.