मोकळी सोडलेली शेवंती

शेकोटीत लाकूड सारा आणि गप बसा. मघापासून घोडीवरून वाद चाललाय. एक म्हणतो विकून टाकू, दुसरा म्हणतो सोडून देऊ, पुण्य लागेल. कळसच्या रामहरीनं सोडली होती. माणूस अजून आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा. आज ऐका.

रामहरीची शेवंती पांढरी घोडी, लग्नात नाचणारी. बारामती-इंदापुरात कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेले. तिला न्यायला-आणायला रामहरीनं पिकअप घेतली, ती तिच्याच कमाईवर. पण डांबरावर, डीजेच्या दणक्यात नाचून तिचे पुढचे गुडघे गेले. शेवटच्या वरातीत नवरदेव पाठीवर असताना ती खाली बसली. वऱ्हाडी हसले. रामहरीला घोडीच्या पायापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

एक व्यापारी आला. घेतलेली घोडी पुढं कुठं जाते हे तो सांगत नव्हता. सांगायची गरजही नव्हती. रामहरीनं त्याला हाकललं. "कसायाला जनावर देणारं घर न्हाय ह्ये." गावानं त्याचं कौतुक केलं. कौतुक करायला वैरण लागत नाही.

मग जनावरांच्या डॉक्टर योगिनीबाई आल्या. त्यांनी गुडघे दाबून पाहिले.

"रामहरीराव, हिला नुसतं उभं राहायलाही दुखतंय. पुण्याकडं म्हाताऱ्या घोड्यांना सांभाळणारी एक संस्था आहे. मी विचारते. जागा नसेल तर सुई देऊ. तुमच्या दारात, तुमचा हात तिच्या मानेवर असताना. झोपल्यासारखी जाईल."

"म्हंजी म्याच मारायची?"

"तिचे हाल थांबवायचे."

"त्येची सुरी, तुमची सुई. पाप ते पाप. माज्या हातनं घोडी मरणार न्हाय, बाई."

बघा, घोडीला काय होतंय हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता रामहरीच्या हातांचा.

गेल्या वर्षीची पौष अमावस्या. पौषात लग्नं नाहीत, गाडी रिकामी, उसाची तोड सुरू. जेवणं उरकल्यावर रामहरीनं बहिणीच्या पोराला, सोमनाथला बोलावलं. गाडी तोच चालवायचा. शेवंती वरातीला निघाली की रामहरीची बायको पुतळाबाई तिच्या पायांवर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची. त्या रात्री ती उंबऱ्यातून हलली नाही.

"पाणी घाल की," रामहरी म्हणाला.

"कुटं निघालीय वरात?"

"मोकळी सोडतोय तिला. लोणी देवकर गावाकडं माळ हाय, गवत हाय. जगंल."

"तुमची आई अंथरुणाला खिळली तवा तिला न्हाय सोडली माळावर."

"तोंड आवर."

"आवरते. पण ह्या पायांवर पाणी माज्या हातनं पडणार न्हाय."

रामहरीनं स्वतःच तांब्या उपडा केला. सोमनाथनं मागचा फाळका खाली पाडून फळी लावली. शेवंती लंगडत आली आणि आपली आपण चढली. तिला वाटलं, काम आलं.

एमआयडीसीच्या पलीकडं, हायवेच्या कडेला त्यांनी तिला उतरवलं. रामहरीनं गळ्यातलं दावं काढलं, तिच्या पाठीवर थाप मारली.

"जा. मोकळी केली तुला."

ती गेली नाही. तिथंच उभी राहिली, तोंड गाडीकडं करून.

"मामा, थंडी लई हाय. माघारी नेऊ," सोमनाथ म्हणाला.

"गाडी काढ."

"मामा..."

"काढ म्हणलं ना."

बरंच अंतर मागं पडलं. हायवे सोडून गाडी कळसच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस. रामहरीच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. सुरी नाही, सुई नाही. हात स्वच्छ. त्यानं तंबाखू मळायला घेतली.

तेवढ्यात गाडी मागून दबली.

गाडीखालचे पाटे करकरले. बोनेट वर उठलं आणि समोरचा उजेड रस्त्यावरून उचलला गेला, उसाच्या शेंड्यांवर पडला. मागं काही जड चढावं तसं. सोमनाथनं ब्रेक दाबला.

"टायर गेला आसंल," रामहरी म्हणाला.

दोघं उतरले. टायर चारही ठीक. फाळका बंद. कड्या लागलेल्या. सोमनाथनं मोबाईलचा उजेड हौद्यात मारला. वाळलेली लीद, उसाच्या वाढ्याची चार पानं. बाकी काही नाही.

पण गाडी दबलेलीच होती.

"चल," रामहरी म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

गाडी निघाली. इंजिन ओढत होतं, भरल्या गाडीसारखं. वळण आलं. मागं पत्र्यावर ठक... ठक... वळणावर तोल सांभाळताना शेवंती उजवा पाय असाच दोनदा टेकवायची. इतक्या वर्षांत रामहरीनं तो आवाज कितीदा ऐकला होता.

सोमनाथनं आरशात पाहिलं. मग आरसाच फिरवून ठेवला.

"मामा."

"गप."

"मामा, मागं..."

"बघू नगंस."

केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. रामहरीच्या मानेवर गरम हवा आली. ओलसर. थांबली. पुन्हा आली.

तो हलला नाही.

मग फुरफुर ऐकू आली. अगदी कानाशी.

हातातली तंबाखू सांडली. "फिरव," तो म्हणाला. "गाडी फिरव, सोमा."

जिथं सोडली होती तिथं एक ट्रक इंडिकेटर लावून उभा होता. कंपनीचा एक म्हातारा वॉचमन बॅटरी घेऊन उभा होता. शेवंती रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. मान भलतीकडं वळलेली.

"तुमची का घोडी?" वॉचमननं विचारलं.

रामहरीनं मान हलवली.

"कुणी शिकवलंय हिला आसं? माळाकडं हाकलली, जाईना. गाडीचा उजेड दिसला की लंगडत सामोरी जायाची. प्रत्येक गाडीला. उभ्या गाडीच्या मागं जाऊन फाळक्याला तोंड लावायची. ह्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, पर..." त्यानं बॅटरी खाली केली. "लगेच न्हाय गेली. लई वेळ पाय झाडत हुती. आमी नुस्तं बघत ऱ्हायलो. काय करणार?"

कुणी शिकवलं होतं? रामहरीनंच. वरात संपली की तो तिला रस्त्याकडेला उभी करायचा आणि पंगतीला बसायचा. गाडीचे दिवे दिसले की पुढं यायचं, फाळका पडला की चढायचं, मग घर. गूळ खाऊ घालून शिकवलं होतं. गावोगावी फुशारकीनं सांगायचा. आणि अशा जनावराला त्यानं रात्री हायवेवर सोडलं, हात स्वच्छ राहावेत म्हणून. कसायानं तरी एका घावात मारली असती. हे मी रागानं बोलत नाही. नाही, रागानंच बोलतो.

सकाळी जेसीबी आला. योगिनीबाईही आल्या. शेवंतीच्या गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "काल संध्याकाळी तुम्हाला किती फोन केले. संस्थेत जागा झाली होती."

रामहरीनं ते फोन पाहिले होते. बाई पुन्हा सुईचं सांगणार म्हणून उचलले नव्हते.

त्यानंतर त्यानं दुसरी घोडी घेतली नाही. गाडी वैरणीच्या भाड्याला लावली. डिझेल जास्त खाते म्हणून सोमनाथनं गॅरेजला दाखवली. पाटे बदलले. मेकॅनिकला दोष सापडला नाही.

उन्हाळ्यात ते एका मोठ्या गोठ्यावर मका घेऊन गेले. तिथं रीत अशी, की भरलेली गाडी वजनकाट्यावर घ्यायची, माल उतरवायचा आणि मग रिकामी गाडी पुन्हा मोजायची. मका उतरवला. हौदा झाडून घेतला. भर दुपार, पांढरं ऊन. सोमनाथनं गाडी काट्यावर चढवली आणि दोघं खाली उतरले.

काटेवाला पोरगा खोलीत आकड्यांकडं बघत होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली नाही. आतूनच ओरडला.

"ओ मामा, आकडा लई जास्त येतोय. मागचं जनावर बी उतरवा की. कवा मोजायची गाडी?"

सोमनाथनं रामहरीकडं पाहिलं. रामहरी गाडीच्या मागं गेला, कड्या काढल्या, फाळका खाली पाडला. मग वाट देण्यासाठी बाजूला सरकून उभा राहिला.

काट्यावरचा आकडा हलला नाही.