उसावरचं विमान

“रोज तिसरं ताट वाढायचं आन रोज म्हशीपुढं ओतायचं. म्हैस माजली, दुसरं काय.”

दगडाबाई पुटपुटली ती नेमकी सर्जेरावांच्या कानाशी. लासुर्ण्याच्या त्या ओसरीवर जागाच तेवढी होती.

सर्जेराव निवृत्त हवालदार. त्यांच्या विधवा वहिनी कौसल्याबाई बारामतीत बसून हरवलेल्या वस्तू आणि नाहीशी झालेली माणसं शोधून देत. सर्जेराव त्यांची पिशवी धरत.

पत्र दगडाबाईनंच धाडलं होतं. तिचा धाकटा दीर मोहनराव कारखान्यात फिटर. तो आणि त्याची तेरा वर्षांची लेक छबू कामट्यांची, पतंगाच्या कागदाची, रबराच्या पिळावर उडणारी विमानं करून पुण्याच्या स्पर्धेत उडवत. पंचावन्नच्या दिवाळीत मोहनराव विमान घेऊन कालव्याकडं गेला. काठावर सायकल सापडली, चपला सापडल्या. तो सापडला नाही. संक्रांत झाली, आणि दिवेलागणीला उसावरून एक विमान येऊ लागलं.

“तोडणीची माणसं नुसतं ऐकूनच फडात शिरंनात,” दगडाबाई म्हणाली.

“गावात कुणी पाहिलंय?” कौसल्याबाईंनी विचारलं.

“ऊस दीड पुरुष उंच. ह्या दारातनंच दिसतं.”

“पहिल्यापासून नीट उडतं?”

“कुठलं. नाक वर करायचं, थबकायचं आन पडायचं. गेल्या गुरुवारपासनं सरळ जातंय. मोहनच्या हातचं जायचं तसं.” तिनं आवाज उतरवला. “आन तवापासनं पोर कालव्यावर जाऊन बसती. काल गुडघाभर पाण्यात उतरली हुती. मी वढून आणली. उद्या मी नसले तर?”

द्वारकाबाई, मोहनरावाची बायको, चहा घेऊन आली. कपाळावर ठसठशीत कुंकू. फरशीवर जोडवं वाजलं. टक्. मग काही नाही. मग पुन्हा टक्. बाईचा एक पाय जमिनीला लागतच नसावा तसं. बघावं तर परक्या बाईचे पाय; सर्जेरावांनी आढ्याकडं बघितलं. वहिनी मात्र चहा निवेपर्यंत खालीच बघत होत्या.

“तिसरं ताट कशाला?”

“आलं तर उपाशी नकोत,” द्वारकाबाई म्हणाली आणि आत गेली. टक्. काही नाही. टक्.

छबू परसात, कडब्याच्या गंजीपाशी भेटली.

“विमानं आबा एकटेच करायचे?”

“दोघं. दर खेपेला दोन करायचो, एक मोडलं तर म्हणून. कामट्या मी तासायची, कागद मी चिकटवायची. नाकात वजन भरायचं काम आबांचं. ते शेवटाला.”

“मग दुसरं कुठाय?”

छबूनं गंजीला पाठ टेकली. तिच्या उजव्या तर्जनीचं कातडं सोललं होतं.

“धारा काढतेस वाटतं,” सर्जेराव कौतुकानं म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडं फक्त पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “भावजी, संध्याकाळी गंजीमागं उभे राहा.”

दिवे लागले. वारा पडला. उसाच्या तुऱ्यांवरून ते पांढरं विमान आलं, दारासमोरून संथ वळलं आणि फडात उतरलं. दगडाबाईनं डोळे मिटून घेतले; उंबऱ्याशी बसलेली द्वारकाबाई मात्र बघत राहिली. थोड्या वेळानं, गंजीपासून छबूच्या मागं गेलेले सर्जेराव तिला घेऊन ओसरीवर आले. विमान तिच्या हातात होतं.

“विमान छबू उडवते,” वहिनी म्हणाल्या. “पंखा फिरवून फिरवून, रबराला पीळ देऊन बोट सोललंय. आणि जे ह्या एकाच दारातून दिसतं, ते गावाला भिववायला नसतं. रोज ताट वाढणाऱ्या आईला दिसावं, आबा आहेत असं वाटावं, म्हणून असतं.”

“आदी मीच उडवायची,” छबू म्हणाली. “नुसतं पडायचं. गुरुवारी गंजीतनं काढलं तर नाकात वजन. वर कागद चिकटवलेला. वजन आबाच भरत्यात. म्हंजी आबा येत्यात. कालव्याकडनंच येत असणार.”

सर्जेरावांनी न राहवून उसाकडं पाहिलं.

“गंजीत लपवलेलं कुणाच्या हाती लागेल?” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “रोज कडबा काढणाऱ्या माणसाच्या. कोण काढतं?”

“द्वारकी,” दगडाबाई म्हणाली.

“भावजी, दुपारी काय ऐकलंत?”

“टक्. मग काही नाही. मग टक्.”

“जोडवी दोन्ही पायांत असतात. इथं एकच वाजतं. दुसऱ्या पायाच्या बोटावर जोडव्याचा नुसता पांढरा वळ आहे. तो लवकर जात नाही, मला ठाऊक आहे.”

सर्जेरावांना थोरला भाऊ आठवला. त्यांनी पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

“छबू, नाक तूच उघड.”

पोरीनं नखानं कागद सोलला. तळहातावर चांदीचं जोडवं पडलं.

“पडलं असंल बोटातनं. हरवलं असंल,” दगडाबाई घाईनं म्हणाली.

“हरवलेलं कुणी खळ लावून चिकटवत नाही,” वहिनी म्हणाल्या.

द्वारकाबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिनं लेकीच्या हातातल्या विमानाकडं बघितलं.

“रोज पडायचं,” ती म्हणाली. “तू रोज उचलायचीस. मला बगवंना. तुझ्या आबांच्या पेटीत मूठभर नटं हायती, पर पेटी उघडायचा धीर झाला न्हाय. हे बोटात हुतं. मला आता लागायचंबी न्हवतं.”

“का लागायचं न्हवतं?” छबूनं विचारलं.

दगडाबाईनं जावेचा हात धरला, बोलू नको म्हणून. द्वारकाबाईनं तो हळूच सोडवला आणि लेकीला जवळ ओढलं.

“ताट तुज्यासाठी वाढत हुते, पोरी. तुजं आबा बुडालं. दिवाळीतच.”