बारा पावलं पुढे

त्या जानेवारीत जिल्हा परिषदेच्या चाळीस शिक्षकांना कोडिंग शिकण्यासाठी पाच दिवस नाशिकला बोलावलं होतं आणि कॉम्प्युटर होते वीस. म्हणून चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. उज्वला देवरेला अकरा नंबर आला. पावणेअकरापर्यंत तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीच आलं नाही, तेव्हा तिला बरंच वाटलं... कॉम्प्युटर एकटीला मिळेल. मग दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात चिठ्ठी, केसांवर रस्त्याची धूळ.

"इथे कोणी बसतंय का?" त्याने विचारलं.

"आता तुम्ही बसताय," ती म्हणाली.

त्याचं नाव ज्ञानेश. घर पिंपळगाव बसवंतला, नोकरी मात्र सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर. उज्वला सटाण्याची, नामपूरजवळच्या शाळेत शिकवायची आणि प्रशिक्षणापुरती नाशिकला बहिणीकडे उतरली होती. प्रोग्राम नावाची गोष्ट दोघांनीही आयुष्यात कधी लिहिली नव्हती.

शिकवणाऱ्या रोहिणी मॅडमनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. प्रोग्राम म्हणजे फक्त सूचनांची यादी, त्या म्हणाल्या. यंत्राला तुमच्या मनातलं कळत नाही. लिहिलंय तेवढंच, लिहिलंय त्या क्रमाने ते करतं. हे पटावं म्हणून त्यांनी एक खेळ दिला. जोडीतल्या एकाने वर्गाच्या दारापासून अंगणातल्या नळापर्यंतची वाट सूचनांमध्ये लिहायची, दुसऱ्याने डोळे बांधून त्याप्रमाणे चालायचं. एकदा वाचायला सुरुवात केली की सूचना बदलायची नाही.

उज्वला ती वाट दोनदा चालून आली. पावलं मोजली, कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिली. रुमाल पुरेना म्हणून ज्ञानेशच्या डोळ्यांवर तिने आपली ओढणी बांधली. गाठ मारताना तिला टाचा उंचवाव्या लागल्या, तो जरा खाली वाकला.

"बारा पावलं पुढे," तिने वाचलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तिची नजर कागदावर होती. त्याच्या लांब ढांगांनी व्हरांडा दहाव्या पावलालाच संपला.

तो पायऱ्यांखाली पडला होता. मग तो तसाच, डोळ्यांवर ओढणी असताना म्हणाला, "मॅडम, पुढची ओळ वाचा."

सगळे हसले. उज्वला हसली नाही. तिने गाठ सोडली तोवर त्याचा घोटा सुजून आला होता.

हाडाला बारीक चीर होती. तीन आठवडे प्लॅस्टर. इकडे रोहिणी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'बारा पावलं... पण कोणाची?' आणि शांतपणे सांगितलं की प्रोग्राम चुकतो तेव्हा चूक बहुधा चालणाऱ्याची नसते, लिहिणाऱ्याची असते. उज्वलाने तेही वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो प्लॅस्टरसकट हजर. तुम्ही आराम का केला नाहीत, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की एकदा निघालेली चिठ्ठी परत घेत नाहीत.

मग रोज तो पाय स्टुलावर ठेवून बसायचा आणि ती टाइप करायची. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा, आतली वस्तू बदलली तरी नाव तेच, हे तिला आधी समजलं. लूप, म्हणजे एकच काम सांगितलं तितक्या वेळा करून घेणं, हे त्याला. 'जर' लिहून झालं की 'नाहीतर' लिहायला ती हमखास विसरायची.

"नाहीतर काय?" तो विचारायचा.

"नाहीतर काही नाही."

"असं कसं, मॅडम... काहीतरी असेलच की."

ती पुढची ओळ टाइप करायला घ्यायची. कानाच्या पाळ्या मात्र गरम व्हायच्या.

संध्याकाळी बहिणीच्या स्कूटीवरून ती त्याला मखमलाबाद नाक्यावर त्याच्या मामांकडे सोडायची. प्लॅस्टरचा पाय बाजूला काढून तो मागे बसायचा, रिक्षावाले हॉर्न देत वळसा घालून जायचे. चौथ्या दिवशी त्याने शाळेबद्दल सांगितलं. अकरा मुलं, शिक्षक तो एकटा. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी. आता प्लॅस्टर निघेपर्यंत ज्ञानेशच्या जागी पाठवायलाही कोणी मिळत नव्हतं. या दिवसांत आईबाप द्राक्षांच्या कामाला खाली उतरतात. शाळा बंद दिसली की मुलांनाही सोबत नेतात, आणि गेलेलं मूल पुन्हा वर्गात बसवणं फार अवघड. तक्रार म्हणून नाही, रस्त्याची माहिती द्यावी तसं त्याने हे सांगितलं.

शेवटच्या दिवशी उज्वलाने त्या शाळेवर तीन आठवड्यांची कामगिरी, म्हणजे तात्पुरती नेमणूक, मागणारा अर्ज दिला. तिच्या शाळेत चार शिक्षक होते, आणि त्या पाड्यावर जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. ऑर्डर दोन दिवसांत निघाली. सटाण्याहून आईचा फोन आला, नेहमीसारखा अहिराणीत.

"तठे कोण शे तुनं?"

"अकरा पोरं शेतस," उज्वला म्हणाली. अकरा पोरं आहेत एवढ्याने आईचं समाधान झालं नाही; तिथे आपल्या लेकीचं कोण आहे, हे तिला हवं होतं.

पाड्यावर अंगणवाडीच्या वत्सलाबाईंनी तिला आपल्या घरात एक खोली दिली. मुलांची बोली तिला कळायची नाही, तिचं मराठी मुलांना अर्धंच कळायचं. पहिल्या आठवड्यात चार घरं खाली निघाली होती. उज्वला प्रत्येक घरी गेली. तीन घरांनी मुलं आजीजवळ ठेवली, एक मुलगी गेलीच. तिचं नाव हजेरीत वाचताना उज्वला रोज अडखळायची.

शाळेत एक जुना लॅपटॉप होता. तिने मुलांकडून आधी अंगणात राखेने चौकोन काढून घेतला. पाच पावलं चाल, उजवीकडे वळ, असं चार वेळा. मग तेच लॅपटॉपवर. चौकोन काही उमटेना. रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर यायची. लॅपटॉप घेऊन ती वर गेली आणि ज्ञानेशला एकेक ओळ वाचून दाखवली.

"चार वेळा म्हणताय त्या ओळीच्या शेवटी एकावर एक दोन टिंबं दिलीत?"

"...नाही."

"द्या. मी थांबतो."

तिने टिंबं दिली. पडद्यावर चौकोन उमटला. तिने ते सांगितलं, त्याने ऐकलं. फोन मात्र त्यानंतर बराच वेळ चालू होता. दुसऱ्या दिवशी प्रोग्राममध्ये काहीच चूक नव्हती, तरी ती टेकडीवर गेली.

तीन आठवडे संपले. शनिवारी दुपारी तो जीपमधून उतरला, किंचित लंगडत. दहा मुलं त्याला बिलगली, आणि एकेकाने हात धरून त्याला लॅपटॉपवरचे चौकोन दाखवले. सगळे बघून झाल्यावर त्याने हजेरीपट उघडला. एका नावावर थोडा वेळ थांबला.

"मला एक राखता आली नाही," उज्वला म्हणाली.

"दहा राखलीत," तो म्हणाला. "मी असतो तर इतकी राहिली असती का, माहीत नाही."

तिची बॅग भरलेली होती. तीच जीप तासाभराने परत जाणार होती. वत्सलाबाईंनी दोघांना आपल्या घरी चहा दिला आणि काम आठवल्यासारखं करून त्या मागच्या दाराने निघून गेल्या.

"दुसऱ्या जागेचं काही झालं?" उज्वलाने विचारलं.

"नाही. इथली जागा मागून कोण येतंय?"

"मी मागितली तर?"

त्याने चहाचा घोट घेतला. "मे महिन्यात बदल्यांचं पोर्टल उघडतं. एकटीने अर्ज केलात तर नंबर कधी लागेल सांगता येत नाही. त्यात पती-पत्नी एकत्रीकरण म्हणून एक रकाना असतो... तो भरला की लवकर होतं."

"सर, तुम्ही नियम सांगताय की विचारताय?"

"आधी नियम सांगितला," तो म्हणाला. मग कप खाली ठेवला. "आता विचारतो. उज्वला, तुम्ही माझ्याशी लग्न कराल? जागा मिळो न मिळो. पोर्टल बाजूला ठेवा."

जीपवाल्याने हॉर्न दिला. ती उठली, बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन वळली.

"पुढच्या रविवारी सटाण्याला या," ती म्हणाली. "आईला तुमचं नाव मी आजच सांगते."

जीप निघाली तेव्हा तो अंगणात उभा होता. वळणावर ती मागे वळून बघेल की नाही, याचा त्याला अंदाज नव्हता. तिने बघितलं.