इर्याची खुंटी

स्वयंपाकघराचा नळ निवडायला मला सात आठवडे लागले. माझी मुलगी साइला वासा शहरातून फोनवर म्हणाली, "बाबा, आईला मागणी घालायला तुला यापेक्षा कमी वेळ लागला असेल." खरंच कमी लागला होता. अकरा दिवस. पण तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि प्रत्येक गोष्ट मोजून-मापून बघायची खोड मला अजून लागायची होती.

ती खोड पिएक्सामाकी गावच्या रेल्वेनं लावली. एकोणचाळीस वर्षं मी सिग्नलच्या कामात होतो. तिथला नियम साधा. समोरचा माणूस "झालं" म्हणाला तरी धरून चालायचं नाही, स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी कुलूप लावल्यावर मी दार दोनदा ओढून बघतो. इर्या, माझी बायको, यावरून मला हसायची. गेल्या ऑक्टोबरात ती गेली.

जुना नळ आम्ही या घरात आलो तेव्हाचा, म्हणजे एकतीस वर्षांचा. त्याच्या बुडातून पाणी झिरपायला लागलं आणि मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला बशीएवढा डाग पडला. इमारतीच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी आली, की नळ जूनअखेर बदलावा. चिठ्ठी सभ्य होती. मी ती फ्रिजवर लावली आणि हातावर हात ठेवून बसलो.

कारण त्या नळाची खुंटी. आमच्या देशात स्वयंपाकघरातल्या नळाच्या अंगालाच एक छोटी खुंटी असते. ती पिळली की भांडी धुण्याच्या मशीनला पाणी जातं. भांडी झाली की उलटी पिळून बंद करायची, म्हणजे मशीनच्या नळीवर रात्रभर दाब राहत नाही आणि सकाळी घराचं तळं झालेलं नसतं. आमच्या घरी सहाला जेवण, मग मशीन, मग साडेआठच्या बातम्या आणि शेवटी हवामान. हवामान संपलं की इर्या आपल्या खुर्चीतून विचारायची, "खुंटी बंद केलीस का?" मी वर्तमानपत्राआडून म्हणायचो, "हो, केली."

मी ती आयुष्यात एकदाही बंद केली नव्हती.

खुंटी उघडून मशीन लावणं माझं काम होतं, ते मी करायचो. पण नंतर पुन्हा उठायचं जिवावर यायचं. पहिल्यांदा खोटं बोललो त्याच्या दुसऱ्या सकाळी धावत जाऊन बघितलं, तर खुंटी बंद होती. इर्या झोपायच्या आधी पाणी प्यायला आत जायची, तेव्हा तीच बंद करत असणार. मला तोंडावर खोटारडा न म्हणता माझं काम गुपचूप उरकत असणार. मला त्यात तिची माया दिसायची, आणि आयती सोय तर होतीच. दार दोनदा ओढून बघणाऱ्या या माणसानं खुंटी कोण बंद करतं ते मात्र तीस वर्षांत एकदाही जाऊन बघितलं नाही.

दफनानंतर साइला चार दिवस राहून परत गेली. त्या संध्याकाळी मी एक ताट, एक काटा, एक कप मशीनमध्ये ठेवला, खुंटी उघडली आणि मशीन चालू केलं. सकाळी कॉफीला पाणी घ्यायला गेलो. खुंटी बंद होती.

मीच केली असेल, असं म्हटलं. दुःखात माणसाचे हात काय करतात ते त्याला कळत नाही. दुसऱ्या दिवशी खुंटी उघडी ठेवून तिच्यावर चिकटपट्टी लावली. सकाळी खुंटी बंद होती आणि पट्टी नीट सोडवून ओट्याच्या कडेला चिकटवलेली होती. दाराला आतून साखळी तशीच होती. मी वहीत तारखा लिहायला लागलो. अकरा तारखांनंतर वही बंद केली, कारण उत्तर मला ठाऊक होतं आणि मला तेच हवं होतं.

भीती वाटली नाही. खरं सांगतो, त्या हिवाळ्यात मला तेवढाच एक आधार होता. दुपारी तीनलाच उजेड संपायचा, फोन आठवड्यातून एकदा वाजायचा, आणि ब्रेड कापताना मी अजून दोन माणसांचे तुकडे कापायचो. एका ताटासाठी मी रोज मशीन लावायला लागलो. हवामान संपलं की रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून मीच विचारायचो, "खुंटी बंद केलीस का?" उत्तर यायचं नाही. पण सकाळी खुंटी बंद असायची. म्हणजे घरात मी अगदीच एकटा नव्हतो.

आता कळेल, नळ बदलायला मी का टाळाटाळ करत होतो. जुन्या नळाबरोबर तीही गेली तर?

पहिल्या दुकानातल्या मुलीनं मला सगळे नवे नळ दाखवले. खुंटी कुठल्याच नळाला नव्हती, तिच्या जागी बटण होतं. "हे तीन तासांनी आपोआप बंद होतं," ती म्हणाली. "लक्षात ठेवायला घरात कुणी लागत नाही."

मी म्हटलं, मला लागतं. तिला ती थट्टा वाटली. दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्या दुकानात मात्र फळीवर मांडलेला एक शेवटचा नळ निघाला, हातानं पिळायच्या खुंटीचा. खोका नव्हता, मानेवर एक ओरखडा होता. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला.

बसवायला होक्कानेन आला. रेल्वेच्या कारखान्यात नळजोडणीचं काम करायचा, तेव्हापासूनची ओळख. सिंकखालच्या कपाटात डोकं घालून तो उताणा झोपला आणि मला बॅटरी धरायला लावली. जुना नट गंजून बसला होता, तो सुटेपर्यंत त्यानं ज्या कुणी हा सिंक एवढा खोल ठेवला त्याचा, मग व्यवस्थापकाचा आणि शेवटी माझा उद्धार केला. नळ निघाल्यावर तो उठून बसला आणि खुंटी उजेडात धरून बघायला लागला.

"तू डावखुरा आहेस का रे?"

"नाही."

"मग इर्या?"

"नाही. का?"

"रोज पिळलेली आहे, म्हणून जाम झाली नाही. पण झिजली आहे ती मागून." त्यानं अंगठा फिरवून दाखवला. "आपण समोरून धरतो. ही भिंतीच्या बाजूनं धरून पिळलेली आहे."

नळ आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची जागा होती. त्यानं नवा नळ बसवला, पाणी सोडलं, कागदाचा रुमाल जोडांवर फिरवून कोरडा निघाला तो मला दाखवला. मग वेलचीच्या पावाबरोबर दोन कप कॉफी प्याला आणि गेला. जुना नळ भंगारात नेऊ का म्हणत होता. मी नको म्हटलं.

संध्याकाळी मी मशीन लावलं. खुंटी उघडी ठेवली. हवामान संपल्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं. अंथरुणावर पडलो, पण झोप कसली लागते.

सकाळी खुंटी बंद होती.

मी नळाच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिलो आणि रडलो. दफनाच्या दिवशी रडलो नव्हतो. रविवार होता. साइलाचा फोन आला तेव्हा राहवलं नाही, तिला सगळं सांगितलं. तीस वर्षांचं खोटं, पट्टी, वही, नवी खुंटी. तुझी आई अजून माझं काम करते आहे, असं म्हणालो.



"बाबा," ती म्हणाली, "आईला ती खुंटी फिरवताच यायची नाही."

मी म्हटलं, तिची मनगटं दुखायची हे मला माहीत आहे.

"दुखायची नाहीत. जोरच नव्हता त्यांत. मी शाळेत होते तेव्हापासून. बरणीचं झाकणसुद्धा मी उघडून द्यायचे. तुला सांगू नको म्हणायची." मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणून तर ती तुला विचारायची. मला म्हणायची, तुझा बाबा बोलत नाही फारसा, पण माझ्यासाठी तेवढं एक न चुकता करतो. त्याचं 'हो, केली' ऐकलं की मला झोप लागते."

मी फोन ठेवला. तेवढं एक. तेवढं एकही मी तिच्यासाठी केलं नव्हतं.

आणि जे कुणी करत होतं, ते इर्या नव्हती.

त्या दिवशी मी मशीन लावलं नाही. ताट हातानं धुतलं, पुसलं. खुंटी बंद होती. दोनदा पिळून बघितली.

बातम्या बघितल्या. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, अंगणात मुलं सायकली फिरवत होती. हवामान संपलं.

मी टीव्ही बंद केला. इर्याच्या खुर्चीकडे बघितलं नाही. स्वयंपाकघराकडेही नाही.

मी काहीही विचारलं नाही.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "हो, केली."

आवाज वर्तमानपत्राआडून आल्यासारखा होता, थोडा कंटाळलेला. माझाच.