एका खाचेची काठी

दिवेआगरहून म्हसळ्याकडे जाणारा रस्ता चढणीला लागला की डाव्या हाताला आदिवासी वाडी आहे. तिथं हिरामण कामठे करतो. कामठा म्हणजे बांबूचं धनुष्य. किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना भिंतीवर टांगायला लागतात ते कामठे वेगळे. ते तो गप्पा मारता मारता करतो. चालवायचा कामठा मात्र माणसाच्या मापाचा. मूल दहाचं झालं की त्याच्या टाचेपासून भुवईपर्यंत बांबूची काठी कापायची, खाच पाडून खूण करायची आणि घराच्या आढ्यात खोचून ठेवायची. पुढचे सगळे कामठे तिच्यावरून, वाढीची बोटं मिळवून. आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर चितेवर. बाकी काही चुकलं तर चालेल, एवढं चुकवायचं नाही, असं हिरामणचा बाप सांगे.

दोन वर्षांपूर्वी हिरामणचा मुलगा प्रणय खाडीत बुडाला. नुकताच दहाचा झाला होता. मैना त्याची जुळी बहीण. दोघांच्या काठ्या एकाच दिवशी कापलेल्या, लांबीला सारख्या. त्या दिवशी हिरामणनं आढ्यातून काठी ओढली, चितेवर ठेवली, घरी आला आणि पुढ्यात आलेली भाकरी खाल्ली. रडला नाही. तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं. हात चालायचे, तोंड चालायचं, आत सगळं बधिर. वाडीत म्हणायचे, गडी खमका हाय. कसला खमका! गड्याला आपण जेवलो की नाही हेही आठवत नसे.

यंदा शाळेतून मैनेची निवड अलिबागच्या तिरंदाजी स्पर्धेला झाली. तिच्यासाठी कामठा करायचा म्हणून हिरामणनं आढ्यातली काठी काढली आणि तिच्याशेजारी उभी धरली. काठी तिच्या डोक्यावरून वीतभर वर गेली.

"बा, ही माजी न्हाय," मैना म्हणाली. "माज्या काठीला दोन खाचा व्हत्या."

हिला एकच होती. म्हणजे त्यानं चितेवर ठेवली ती जित्या पोरीची.

असं काही कळल्यावर बापाच्या काळजाचं पाणी व्हावं. हिरामणचं झालं नाही. त्याच्या कारागीर डोक्यात एवढंच आलं, की मग ही एवढी लांब कशी? दमट हवेनं बांबू फुगतो, पण जाडीला. त्यानं काठी खांबाला टेकवली, टोकाशी पेन्सिलीची रेघ मारली आणि आपल्या कामाला लागला.

आठ दिवसांनी टोक रेघेच्या दोन बोटं वर होतं. काठी ठणठणीत वाळलेली. टिचकी मारली की खणकन वाजायची. फक्त बुडाशी ओल होती, आणि त्या ओलीला खाडीच्या चिखलाचा वास.

मग त्यानं मैनेला दाराच्या चौकटीशी उभं केलं. काठ्या कापल्या त्या दिवशी दोघांची उंची तिथं कोरलेली होती. मैनेचं डोकं बरोबर त्याच रेघेला लागलं. दोन वर्षांत पोर तसूभर वाढली नव्हती आणि घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी आजारी हाय काय रं बा?"

"न्हाय," तो म्हणाला. "करतो कायतरी."

करायचं काय ते सरळ होतं. काठी जाळायची. दुपारी मैना शाळेत आणि बायको सगुणा पाण्याला गेलेली बघून त्यानं अंगणात तीन दगडांवर जाळ केला. बाप धनुष्य शिकवताना म्हणायचा, "वढायला कोनालाबी जमतं. सोडायचं, त्येच्यात देव हाय."

त्यानं काठी जाळावर धरली.

मुठीत ती ऊबदार होती. जाळाची ऊब नव्हे ती. यात्रेच्या गर्दीत हात धरून चालणाऱ्या पोराच्या मुठीची असते तशी.

हिरामणच्या घशातून आवाज निघाला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला काही वाटत होतं. तो ढसाढसा रडला, छाती फुटेस्तोवर, आणि त्याला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

बोटं सैल होईनात.

जाळ आपोआप विझला. त्यानं काठी पुसली आणि परत आढ्यात खोचली.

सोमवारी त्यानं मैनेला पुन्हा चौकटीशी उभं केलं. डोकं आता रेघेच्या खाली होतं, मध्ये त्याचं बोट मावलं.

सगुणेला सांगायला तो मागल्या दारी गेला. ती उन्हात शिवत बसली होती. मैनेचा शाळेचा झगा खांद्यात आणि कमरेत आत घेऊन झाला होता, घडी करून बाजूला ठेवलेला. मांडीवर नवा सदरा होता, चांगल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मापाचा.

"ह्यो कोनाला?" हिरामणनं विचारलं.

सगुणेनं दोरा दातानं तोडला.

"जुना त्याला खांद्यात बसत न्हाय आता," ती म्हणाली.