एक सेकंद किर्र

चार मिनिटं अगदी शांत, आणि मग एकच सेकंद ‘किर्रर्र’. अशी कॅसेट कुणी आणि कशासाठी भरून ठेवली असेल? तुम्हीच सांगा. मला तर बराच वेळ काही सुचलं नव्हतं, आणि मी काही मठ्ठ नाही. वर्गशिक्षिकांचं मत वेगळं असेल, पण ते जाऊ दे.

मी शर्वाणी तांबे, सातवी, रत्नागिरी. २०४३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेने एक काम दिलं होतं. घरातल्या जुन्या कॅसेट शोधायच्या आणि त्यांतले आवाज शाळेच्या संग्रहात जमा करायचे. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या डबीत गुंडाळलेली तपकिरी फीत. या फितीवर लोहचुंबकाच्या खुणांनी आवाज साठवलेला असतो. आमच्या घरी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, अठरा कॅसेटची पेटी निघाली. वाजवायचं यंत्र शाळेने दिलं होतं. ते बंडूला जोडून मी मोकळी झाले. बंडू हा आमचा यंत्रमानव. नाव मीच ठेवलंय.

दुपारी बंडूने अहवाल दिला. “सतरा कॅसेटमध्ये गाणी आहेत. अठराव्या कॅसेटमध्ये शांतता आहे आणि शेवटी दोष आहे. दोष साफ करू का?”

“कर की,” मी म्हणाले.

“थांब!” आबा ओरडले.

आबा कधीच ओरडत नाहीत. आयुष्यभर त्यांनी हवामानाच्या उपग्रहांसाठी उपकरणं बनवली. एखादं वर्षाचं काम वाया गेलं तरी ते शांतपणे चहा पीत बसायचे, असं आजी सांगते. आज त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला होता. त्यांनी ती कॅसेट घेतली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे पिवळी पडलेली चिकटपट्टी होती.

“हा दोष नाही,” ते म्हणाले. “हे शुभदाचं आहे. मला वाटलं होतं, यातलं काहीच उरलं नसेल.”

“शुभदा कोण?”

 आबा जे सांगायला लागले ते आधी मला धडा वाटला, कारण त्यांना धडे द्यायची खोड आहेच.

“१९८६ साल. मी दहावीत. आमच्या वर्गातल्या शुभदा नाटेकरचे मामा बोटीवर होते. त्यांनी तिच्यासाठी एक छोटा संगणक आणला. अख्ख्या गल्लीतला एकमेव! दप्तराएवढा. नुसता कळफलक (बटणांची पाटी), पडदा नाहीच. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. शाळा सुटली की आम्ही चौघं तिच्याकडे. एकाने मासिकातला कार्यक्रम मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टंकायचा. कार्यक्रम म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. एक स्वल्पविराम चुकला तरी काही चालायचं नाही. मग चौघं मिळून चूक शोधायची आणि शुभदाची आई पोह्यांच्या बश्या आणून आमच्याकडे बघत उभी राहायची. तिला वाटायचं, पोरांना वेड लागलंय. लागलंच होतं! तेवढा आनंद मला उपग्रह सोडतानाही झाला नाही गं.”

“मग कॅसेट कशाला?”

“वीज गेली की तो संगणक सगळं विसरायचा. रत्नागिरीत वीज तर रोजच जायची. म्हणून कार्यक्रम कॅसेटवर भरून ठेवायचा. आता सांग, कॅसेटवर काय साठवता येतं?”

“आवाज.”

“बरोबर. आणि संगणकाला फक्त दोनच गोष्टी कळतात, शून्य आणि एक. अशा एका शून्याला किंवा एकाला बिट म्हणतात (माहितीचा सगळ्यात छोटा कण). मग शून्यासाठी जाडा सूर, एकासाठी बारीक सूर. सेकंदाला तीनशे सूर वाजायचे. आपल्याला ऐकू येते नुसती किर्र. संगणक मात्र त्यातून पूर्ण कार्यक्रम परत वाचायचा.”

एवढं सांगून त्यांनी कॅसेट माझ्यासमोर धरली. वरच्या कडेला दोन बारीक चौकोनी जागा होत्या.

“इथे एकेक खुंटी असते, प्रत्येक बाजूसाठी एक. ती मोडली की त्या बाजूवर नवीन काही भरता येत नाही. म्हणजे जुनं सुरक्षित. पण नवीन कॅसेट सहजी मिळत नसत. म्हणून आम्ही गाण्यांच्या कॅसेट घ्यायचो आणि मोडलेल्या खुंटीच्या जागी चिकटपट्टी लावायचो. खुंटी आहे असं यंत्राला वाटायचं. हातालाच सवय लागली होती.”

“आणि तुम्ही शुभदाच्या कॅसेटवर पट्टी लावलीत.” मला एकदम कळलं. कळल्यावर वाटलं, बोलायला नको होतं.

आबांनी मान हलवली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा आदला दिवस होता. त्यांना संगणकावर केलेला आपला बेडकाचा खेळ भरून ठेवायचा होता. समोर शुभदाची कॅसेट पडलेली. खुंटी मोडलेली दिसली. पण ती दुसऱ्या बाजूची असेल, असं ते धरून चालले. कोणती खुंटी कोणत्या बाजूची यात नेहमी घोळ व्हायचा. सवयीने पट्टी लावली, बटण दाबलं. शुभदाचं चार महिन्यांचं काम पुसून त्यावर बेडूक बसला.

“मग तुम्ही सांगितलंत ना तिला?”

“नाही,” आबा म्हणाले. “मी बेडूक दुसऱ्या कॅसेटवर भरला. आणि हिच्यावरची तेवढी जागा कोरी करून टाकली, म्हणजे कुणी केलं ते कळू नये. सकाळी प्रदर्शनात तिने कॅसेट लावली. काहीच आलं नाही. सगळी शाळा बघत होती. मी म्हणालो, ‘दमट हवेने फीत खराब झाली असेल.’ तिने मान डोलावली. मला पहिलं बक्षीस मिळालं. तिने कॅसेट माझ्या हातात दिली, म्हणाली, ‘घे, गाणी भर हिच्यावर.’ पुन्हा त्या संगणकाला तिने हात लावला नाही.”

मला आबांचा राग आला. खराखुरा. आणि ते माझे आबा होते म्हणून जास्तच आला. मी तो बोलून दाखवलासुद्धा. ते म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” भांडायला जागाच ठेवली नाही.

“शेवटी उरलेल्या सेकंदात काय आहे?” मी विचारलं.

“माझा बेडूक तिच्या कार्यक्रमापेक्षा किंचित छोटा होता. तेवढी शेपूट वाचली असणार. मी हे कधी वाजवूनच पाहिलं नाही. धीर झाला नाही.”

“मग आता वाचू. आणि तिला नेऊन देऊ.”

आबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

बंडूने त्या सेकंदाचं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं. कुठे लाटा दाट होत्या, कुठे विरळ. दाट म्हणजे बारीक सूर, म्हणजे एक. विरळ म्हणजे जाडा सूर, म्हणजे शून्य. मी चौकटीच्या वहीत एकेक लिहीत गेले. एकूण दोनशे सत्त्याहत्तर. बंडू म्हणाला, “मी हे क्षणात करीन.” मी त्याला गप्प बसवलं.

“आठ बिटांचा एक गट करायचा,” आबा म्हणाले. “त्याला बाइट म्हणतात. प्रत्येक बाइट म्हणजे एक आकडा, आणि आकड्यावरून इंग्रजी अक्षर.”

तसं करून पाहिलं. निघालं ते निव्वळ कडबोळं. कंस, टक्केचिन्हं, भलतीच अक्षरं. आबा म्हणाले, सुरुवातीचा गट मध्येच तुटलेला असणार, म्हणून गट कुठून पाडायचे ते कळत नाही. मग एक बिट सोडून पाहिलं, दोन सोडून पाहिले. तरी कडबोळंच. आबांचे खांदे पडले. “राहू दे,” ते म्हणाले. “फार उशीर केला मी.”

मी मात्र वहीकडे बघत बसले होते. एके ठिकाणी ओळीने आठ एक होते. बाविसाव्या बिटापासून. तसेच पुढे शहाऐंशीव्यापासून. मग दीडशेव्यापासून. मग दोनशे चौदाव्यापासून. दर वेळी चौसष्टांचं अंतर.

“आबा, चौसष्ट म्हणजे आठ आठे. आठ घरांच्या आठ ओळी! आणि प्रत्येक वेळी पहिली ओळ पूर्ण भरलेली. आबा, ही अक्षरांच्या आकड्यांची भानगड नाहीच. हे चित्र आहे!”

नवीन पानावर मी आठ-आठचा चौकोन आखला. बाविसाव्या बिटापासून सुरुवात केली. एक असेल तर घर काळं, शून्य असेल तर कोरं. पहिली ओळ पूर्ण काळी. दुसरीत दोन घरं, तिसरीत तीन. सातव्या ओळीला मी आले तेव्हा आबा उठून उभे राहिले होते.

तो ‘ह’ होता. पहिली भरलेली ओळ म्हणजे त्याची शिरोरेघ.

पुढच्या चौकोनात ‘ळ’ आला. मग ‘क्ष’. मग ‘ज्ञ’. आणि सगळ्यांच्या आधी एका अक्षराचा नुसता तुटका पाय, बहुधा ‘स’चा.

“त्या संगणकाला फक्त इंग्रजी यायचं,” आबा हळूच म्हणाले. “शुभदा त्याला मराठी शिकवत होती. टिंबाटिंबाने. तिने मुळाक्षरं केली होती गं, सगळी मुळाक्षरं! आणि मी त्यावर बेडूक नाचवला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

ती शुभदा, म्हणजे आताच्या शुभाआजी, भाट्याच्या पुलापलीकडे राहतात, शिवणाचे वर्ग चालवतात, हे आबांना चांगलं ठाऊक होतं. जायला रिक्षाने वीस मिनिटं लागतात. आबांना सत्तावन्न वर्षं लागली. आता रिक्षाला चालक नसतो, त्यामुळे वाटेत आबांना गप्पा मारायलाही कुणी नव्हतं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते.

“काय रे शिऱ्या, आज इकडे कसा?” दारातच शुभाआजी म्हणाल्या. आबांना कुणी शिऱ्या म्हणतं हे मला नवीनच होतं. बाहेर सगळे त्यांना श्रीकांतसर म्हणतात.

आबांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. चिकटपट्टी, बेडूक, कोरी केलेली फीत, दमट हवा. जुळवलेलं एकही वाक्य त्यांनी वापरलं नसावं, कारण सगळं मागेपुढे आणि अडखळत आलं.

शुभाआजींनी माझ्या हातातली वही घेतली. एकेका अक्षरावरून त्यांनी बोट फिरवलं. भिंतीजवळच्या शिलाई यंत्रावर एक अर्धवट झबलं पडलं होतं.

“दमट हवेने एकच कॅसेट कशी बिघडेल? मला वाटलं, मराठीच त्याला पेलत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या यंत्रालाच नको आहोत आपण, असं वाटलं. कुणी संगणक म्हटलं की मी उठून जायचे. माझ्या मुलीलाही शिकू दिलं नाही मी सुरुवातीला. मेल्या, एक शब्द बोलला असतास तर मी ते पुन्हा भरलं असतं. तेव्हा आठवडाभर लागला असता, जास्त नाही.”

“चुकलो, शुभदा.”

“चुकलासच. आणि लगेच ‘जाऊ दे’ म्हणणार नाही मी.”

आबा मान खाली घालून बसले. मला वाटलं, आता आम्हाला निघावं लागणार. तेवढ्यात शुभाआजींनी वही डोळ्यांजवळ नेली.

“हा ‘ळ’ चुकलाय. उजवीकडचं हे टिंब एक घर वर हवं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन आटपलं की दुरुस्त करणार होते.”

मी पेन्सिल आणि खोडरबर पुढे केला. त्यांनी खोडून टिंब वर घेतलं. खरंच, ‘ळ’ एकदम देखणा दिसायला लागला.

“उरलेली अक्षरं आमचा बंडू बनवून देईल,” मी उत्साहात म्हणाले. “या चारांवरून त्याला तुमची पद्धत कळेल. क्षणात करेल.”

“करेल गं. पण ती त्याची असतील.” त्यांनी नवीन पानावर आठ-आठचा चौकोन आखला, फूटपट्टी न लावता, अगदी सरळ. “मी ‘अ’पासून सुरुवात केली होती.” पहिल्या ओळीतली आठही घरं त्यांनी भराभर भरली. दुसऱ्या ओळीवर पेन्सिल टेकली आणि थांबली. त्यांनी डोळे मिटले, उघडले. पेन्सिल तिथेच होती.

“नाही आठवत,” त्या म्हणाल्या. “कसा काढला होता मी ‘अ’? इतका सुंदर जमला होता. नाहीच आठवत.”

आबांनी तोंड फिरवलं. त्या क्षणी मला कळलं, फितीवर जे उरलं नाही ते आता कुठेच उरलेलं नाही. कितीही हुशार यंत्र आणलं तरी ते परत येणार नाही.

शुभाआजींनी एक श्वास घेतला. मग वही माझ्याकडे सरकवली आणि पेन्सिल आबांच्या हातात दिली.

“तू घरं भर रे शिऱ्या, मी सांगते तशी. शर्वाणी, तू मोज. ‘अ’ नवीनच काढू या.”