विचारल्याशिवाय हात नाही

पायरीवर माझा तोल किंचित गेला, इतकंच. लगेच मागून कुणीतरी माझं कोपर धरलं.

"सोडा," मी म्हणाले. "मी मागितली होती मदत?"

चटका बसल्यासारखा त्याने हात मागे घेतला. आमच्या पुनर्वसन केंद्रात रॅम्प बांधायला आलेला कंत्राटदार तो — शर्टावर सिमेंट, कानामागे पेन्सिल. माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे आणि मी तिथे म्हाताऱ्यांना नव्याने चालायला शिकवते. आमचा नियम एकच, विचारल्याशिवाय हात द्यायचा नाही.

"मग पडू द्यायचं का?"

"विचारायचं. देवाने तोंड दिलंय ना?"

"तुम्हाला जरा जास्तच दिलंय," तो पुटपुटला. मला ऐकू आलं. हसूही आलं, पण मी दाखवलं नाही.

जागा वाचवायच्या नादात पहिला रॅम्प त्याने भलत्याच उभ्या चढाचा बांधला. लकवा झालेले आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर व्हीलचेअर रेटून रेटून दमले आणि अर्ध्यावरून परत आले. "अहो, हा रॅम्प आहे की घसरगुंडी?"

मग तो स्वतःच खुर्चीत बसला. निम्म्यावर त्याचे दंड भरून आले, खुर्ची मागे सरकू लागली. मी मागेच उभी होते, हाताची घडी घालून.

"मॅडम… मदत करता का?"

"विचारलंत, म्हणून." मी खुर्ची धरली. त्याची मान लाजेने लाल झाली होती आणि माझी नजर तिथून काही हलेना.

त्याने तो रॅम्प फोडला आणि अंगणाला वळसा घालून नवा बांधला — लांबलचक, सावकाश चढाचा. रोज संध्याकाळी तो माझ्याबरोबर चहा घ्यायचा. माझ्या कपात साखर घालण्याआधीसुद्धा विचारायचा, "घालू?"

काम संपलं. मास्तर एकटे वर गेले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो हत्यारं आवरू लागला. मदत मागण्यात कमीपणा नसतो, असं जगाला सांगत फिरणारी मी… माझ्याच तोंडून शब्द फुटेना.

"थोडी मदत हवी होती," शेवटी म्हणाले.

"बोला ना."

"उद्यापासून चहाला तुम्ही नाही… मला ते जमणार नाही."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत तिथेच ठेवली.

"रॅम्पवरून खाली जाऊ या?" आणि मग हळूच — "हात धरू?"

"धरा," मी म्हणाले. "आणि उतार संपला तरी सोडू नका."